साहसी कार्टूनांची मोठ्यांसाठीची विडंबनं: खान्देशातल्या प्रेक्षकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही कार्टून म्हणजे नेमकी कोणती?

१९६०च्या दशकात अमेरिकेत हॅना-बार्बेरा या स्टुडिओने साहसकथांची कार्टून काढली. शास्त्रज्ञ बाप, धाडसी पोरगा, पिळदार अंगरक्षक, बेटावरचा खलनायक आणि शेवटच्या दोन मिनिटांत सगळं सुखरूप, असा त्यांचा साचा. 'जॉनी क्वेस्ट' (१९६४), 'स्पेस घोस्ट' (१९६६) आणि 'बर्डमॅन' (१९६७) ही त्यातली ठळक नावं. तीस-चाळीस वर्षांनी हाच साचा घेऊन मोठ्यांसाठी विनोदी मालिका निघाल्या: 'स्पेस घोस्ट कोस्ट टू कोस्ट' (१९९४), 'हार्वी बर्डमॅन', 'सीलॅब २०२१' आणि या सगळ्यांत खोल उतरलेली 'द व्हेंचर ब्रदर्स'. या पानावर प्रामुख्याने या चार मालिकांबद्दल लिहिलं आहे.

आपल्याकडे मूळ कार्टून कुणी पाहिली होती? मग विडंबन कळणार कसं?

वाटतं त्यापेक्षा जास्त जणांनी पाहिली आहेत. कार्टून नेटवर्क भारतात १ मे १९९५ला आलं. दिवसा कार्टून आणि रात्री त्याच वाहिनीवर टीएनटी या भावंड वाहिनीचे जुने इंग्रजी सिनेमे, अशी तेव्हाची वाटणी होती. जळगाव, भुसावळ, धुळ्यात केबल पोहोचली त्या घरांतल्या मुलांनी हॅना-बार्बेराचा जुना साठा इंग्रजीतच पाहिला, हिंदी डबिंग पुढे आलं. शब्द कळत नव्हते, पण साचा डोक्यात बसला. ज्यांच्याकडे केबल नव्हती त्यांनी दूरदर्शनवर ही-मॅन पाहिला, किंवा मोठ्या भावाच्या पेटीतल्या इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ वाचला. फुरसुंगीचा फास्टर फेणेही याच जातकुळीचा: वय लहान, संकट मोठं, घरचे काळजीत आणि पोरगं सायकलवर पुढे.

विडंबन कळायला एवढी ओळख पुरते. पोराच्या हातात विजेरी आली की पुढच्या दाराआड काय असणार, हे तुम्हाला आधीच ठाऊक असतं. ठाऊक आहे म्हणूनच तिथे दुसरंच काही निघालं की हसू येतं.

चाळिशीच्या माणसाला यात एवढी गोडी का वाटावी?

या पानावरचा हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न, म्हणून उत्तरही लांब.

जुन्या साहसी कार्टूनमध्ये पोरगं कधीच मोठं होत नाही. अकरा वर्षांच्या जॉनीवर गोळ्या झाडल्या जातात, मगरी सोडल्या जातात, डोळ्यांदेखत माणसं मरतात आणि पुढच्या भागात तो कुत्र्याबरोबर हसत खेळत असतो. 'व्हेंचर ब्रदर्स' नेमकं तेच विचारते, जे तेव्हा कुणी विचारलं नाही: या पोराचं पुढे काय झालं? उत्तर आहे रस्टी व्हेंचर. लहानपणी तो बाल-साहसवीर म्हणून गाजला, मालिकेच्या जगात त्याच्यावर कार्टूनही निघालं होतं. आता टक्कल पडलंय, पैसा संपत आलाय. वडील जोनास व्हेंचर यांचं भलंमोठं आवार आणि अर्धवट यंत्रं उरली आहेत, तीच लष्कराच्या गळ्यात मारून दिवस काढायचे. हँक आणि डीन ही दोन मुलं अजून तीस वर्षांपूर्वीच्या भाषेत बोलतात, कारण त्यांना बाहेरचं जगच दाखवलेलं नाही.

जिथे बापाच्या नावावर केळीची बाग उभी राहिली आणि मुलाच्या वाट्याला वाटण्या, कर्ज अन् केळीवरचा करपा आला, अशा घरातल्या माणसाला रस्टी समजावून सांगावा लागत नाही. नाव मोठं, घर मोठं आणि आत पोकळ. ही मालिका अपयशाबद्दल आहे, हे तिच्या दोन्ही कर्त्यांनी, जॅक्सन पब्लिक आणि डॉक हॅमर यांनी, वेळोवेळी सांगितलं आहे. पण अपयशी माणसाला ती तुच्छ लेखत नाही. रस्टी स्वार्थी आहे, लबाड आहे, बाप म्हणून नापास आहे, तरी भाग संपताना त्याची दया येते. लहानपणीचं ओझं त्याने मागून घेतलं नव्हतं.

दुसरी गोडी खलनायकांच्या कारभारात आहे. जुन्या कार्टूनमध्ये खलनायक वाटेल तेव्हा हल्ला करायचा. इथे त्यांची 'गिल्ड' आहे. कुणी कुणाशी वैर धरायचं याची नोंद होते, हल्ल्याची पातळी ठरते, नियम मोडला तर दंड होतो. सातबाऱ्यावर नाव चढवायला तलाठ्याकडे खेपा घालाव्यात, तसा फुलपाखराचा वेश घातलेला मोनार्क आपल्याच शत्रूला छळायच्या परवानगीसाठी खेपा घालतो. साहसकथेत कागदपत्रं घुसली की साहसाचा फुगा फुटतो आणि माणसं उघडी पडतात.

विडंबन आणि नुसती टिंगल, यात फरक काय?

टिंगल करायला मूळ गोष्ट माहीत असावी लागत नाही, विडंबनाला ती तोंडपाठ लागते. आचार्य अत्र्यांची 'झेंडूची फुले' (१९२५) हसवतात, कारण ज्या कवितांची खोड काढली त्यांची वृत्तं, शब्दकळा, उसासे अत्र्यांना पक्के ठाऊक होते. तमाशाच्या वगातला सोंगाड्या राजाच्या तोंडावर त्याची नक्कल करतो, पण दरबाराची रीत त्याला राजापेक्षा जास्त माहीत असते.

जवळचं उदाहरण मालेगावचं. २०००च्या सुमारास नासिर शेख यांनी 'मालेगाव के शोले' काढला. पुढे मालेगावचा सुपरमॅन उभा राहिला, यंत्रमागावर राबणारा काडीसारखा शफीक त्यात नायक झाला. फैजा अहमद खान यांच्या २००८च्या माहितीपटात ते काम दिसतं. हसू येतं ते सुपरमॅन आणि मालेगाव यांच्यात पडलेल्या अंतराचं. पण कॅमेऱ्यामागच्या कुणालाही सुपरमॅन फालतू वाटत नव्हता. तसं वाटलं असतं तर एवढ्या खस्ता कुणी खाल्ल्या नसत्या. 'व्हेंचर ब्रदर्स'च्या कर्त्यांचं 'जॉनी क्वेस्ट'शी नातं असंच आहे.

कोणत्या क्रमाने पाहावं?

आधी मूळ, मग थोडी विडंबनं, मग मोठी मालिका.

'जॉनी क्वेस्ट'चे एकूण २६च भाग आहेत, १८ सप्टेंबर १९६४पासून मार्च १९६५पर्यंत एबीसी वाहिनीवर दाखवलेले. सगळे पाहायची गरज नाही, तीन पुरेत: पहिला 'मिस्ट्री ऑफ द लिझर्ड मेन', मग 'द रोबोट स्पाय' (कोळ्यासारख्या पायांवर चालणारा एकडोळी गोळा, डॉ. झिन नावाच्या खलनायकाने धाडलेला) आणि 'कलकत्ता अॅडव्हेंचर', ज्यात हाजी या मुलाची ओळख होते. प्रत्येक साधारण २५ मिनिटांचा. पाहताना तीन गोष्टी ध्यानात ठेवा: अंगरक्षक रेस बॅननचं वागणं, बापाचं मुलाकडे किती लक्ष आहे ते, आणि किती लोक मरतात. पुढचे बरेच विनोद यांच्यावरच उभे आहेत.

नंतर 'हार्वी बर्डमॅन'चा पहिला भाग. उडणारा बर्डमॅन इथे वकील आहे आणि त्याच्याकडे आलेला खटला जॉनी आणि हाजीच्या ताब्याचा: मुलं बापाकडे म्हणजे डॉ. क्वेस्टकडे राहावीत की रेस बॅननकडे? ११-१२ मिनिटांत काम होतं. 'स्पेस घोस्ट कोस्ट टू कोस्ट'चे दोन-तीन भाग पाहा. अंतराळवीर मुलाखतकार झालाय आणि त्याने पकडलेले खलनायक त्याच्याच कार्यक्रमात कामाला आहेत.

मग 'व्हेंचर ब्रदर्स'.

'व्हेंचर ब्रदर्स'ला किती वेळ द्यावा लागेल?

चाचणी भाग फेब्रुवारी २००३चा, तो शेवटी पाहिला तरी चालेल. ऑगस्ट २००४ ते २०१८ या काळात सात पर्व झाली, मिळून ८१ भाग, प्रत्येक २२ मिनिटांच्या आसपास. म्हणजे जवळपास ३० तास. रोज जेवणानंतर दोन भाग धरले तर चाळीस दिवस. २०२०मध्ये मालिका बंद झाली आणि २०२३मध्ये एका चित्रपटाने धागे बांधले. तो सगळ्यात शेवटी.

पहिल्या पर्वाच्या चौथ्या-पाचव्या भागात सोडून द्यावंसं वाटू शकतं. तिथे विनोद सुटे-सुटे आहेत, चित्रं खडबडीत आहेत, पात्रं अजून नक्कलच वाटतात. पहिलं पर्व पूर्ण करा, दुसऱ्याचा पहिला भाग पाहा आणि मग ठरवा. या दोहोंच्या सांध्यावर जे घडतं ते इथे सांगत नाही, पण जुन्या कार्टूनमधली पोरं कधीच कशी मरत नाहीत, या प्रश्नाला तिथे उत्तर आहे आणि तिथून मालिका स्वतःच्या पायावर उभी राहते. मधूनच एखादं गाजलेलं पर्व उचलू नका. तिसऱ्या पर्वापासून एक वाक्य समजायला दोन वर्षांपूर्वीचा भाग आठवावा लागतो.

हाजी हे पात्र भारतीय म्हणून खटकत नाही का?

खटकतं, आणि खटकायलाच हवं. कलकत्त्याचा अनाथ मुलगा, नाव हाजी (हजयात्रा केलेल्याला लावायची उपाधी), डोक्यावर रत्नजडित फेटा, तोंडी 'सिम सिम सलाबिम' आणि कामं कसली तर दोरीला ताठ उभं करायची, वस्तू तरंगवायची. १९६४च्या अमेरिकेने पूर्वेकडचं मिळेल ते एका पोत्यात भरून त्याचा एक मुलगा केला. त्यातल्या त्यात एवढं खरं की जॉनीच्या बरोबरीने तो घरात राहतो आणि बऱ्याचदा त्याच्यापेक्षा शहाणा असतो.

चांगलं विडंबन बोट फिरवतं. हसायचं ते परदेशात जाऊन प्रत्येक माणसाला जादूगार नाहीतर हेर समजणाऱ्या गोऱ्या नायकाला. असं असलं तरी विडंबनंही धुतल्या तांदळासारखी नाहीत. 'व्हेंचर ब्रदर्स'च्या सुरुवातीच्या पर्वांत मोनार्कची साथीदार डॉ. गर्लफ्रेंड हिच्या घोगऱ्या आवाजावरून वारंवार केलेले विनोद आज टोचतात. पुढे लेखकांनी तिला मालिकेतलं सर्वांत कर्तबगार पात्र बनवलं, पण आधीचं पुसलं जात नाही.

चित्रं अडखळत चालतात, माणसं नुसती तोंडं हलवतात. हा दोष की मुद्दाम?

मूळ मालिकांत ती काटकसर होती, विडंबनांत ते हत्यार झालं.

सिनेमाच्या एका सेकंदात २४ चौकटी. भरगच्च अॅनिमेशनमध्ये सेकंदाला १२ ते २४ वेगळी चित्रं काढतात. टीव्हीच्या पैशात ते बसत नव्हतं, म्हणून हॅना-बार्बेराने चित्रं कमी केली. धड स्थिर ठेवायचं, डोकं वेगळ्या पारदर्शक फिल्मवर, तोंड आणखी वेगळ्या फिल्मवर. प्राण्यांच्या गळ्यात टाय किंवा कॉलर दिसते ती डोकं-धडाचा सांधा झाकायला. पळापळीत तेच झाड, तोच खडक पुन्हापुन्हा येतो, कारण पार्श्वभूमीची पट्टी गोल फिरते.

टर्नर कंपनीने १९९१मध्ये हॅना-बार्बेरा विकत घेतली, त्यामुळे १९९२मध्ये सुरू झालेल्या कार्टून नेटवर्कला हा सगळा साठा आयता मिळाला. 'स्पेस घोस्ट कोस्ट टू कोस्ट'मध्ये १९६६चीच चित्रं कापून जोडली. ती हलत नव्हती, म्हणून लेखकांनी त्या न हलण्यालाच विनोद केलं: पाहुणा बोलतो, स्पेस घोस्ट टक लावून बघतो, डोळ्यांची उघडझाप होते, तीन सेकंद, चार सेकंद, आणि अवघडलेपणाने आपण हसतो. 'सीलॅब २०२१'ने १९७२च्या एका गंभीर, पर्यावरणाचा संदेश देणाऱ्या मालिकेची दृश्यं घेऊन त्यांवर वेड्यासारखे संवाद चढवले. त्याच कर्त्यांपैकी अॅडम रीडने पुढे 'आर्चर' (२००९) काढली.

'व्हेंचर ब्रदर्स' नवी चित्रं काढते, पण चौकट जुन्या पद्धतीचीच लावते: जाड सावल्या, कोनाड्यातून पडणारा प्रकाश. दृश्य गंभीर आणि बोलणं वीजबिलाचं, या विसंगतीवर निम्मा विनोद चालतो.

मुलांना दाखवावं का?

नाही. रक्तपात, लैंगिक विषय, व्यसनं, सगळं आहे आणि चित्रं मात्र मुलांना ओढून घेणारी. २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार ऑनलाइन मालिकांवर यू, यूए ७+, यूए १३+, यूए १६+ किंवा ए असा शिक्का असतो. तो पाहा. घरात एकच टीव्ही असेल तर सेवेच्या सेटिंगमध्ये मुलांचं वेगळं प्रोफाइल करा आणि मोठ्यांच्या प्रोफाइलला पिन लावा. पिन लावूनही चूक होते ती 'पुढे पाहा'च्या ओळीत. अर्धा सोडलेला भाग पहिल्याच पडद्यावर चित्रासकट दिसतो, म्हणून यादीतून काढून टाका.

बोलणं फार भरभर आहे. हिंदी सबटायटल चालतील?

इंग्रजी सबटायटल लावा. यंत्राने केलेल्या हिंदी भाषांतरात शब्दांवरच्या कोट्या आणि मुद्दाम वापरलेली जुनाट भाषा आधी मरते. न कळलेला संदर्भ लगेच शोधायला थांबू नका, भाग संपल्यावर शोधा.

मळ्यात भरीत पार्टीला प्रोजेक्टरवर दाखवता येईल का?

घरच्या, ओळखीच्या मंडळींत हरकत नाही. तिकीट लावून किंवा सगळ्यांना खुलं करून दाखवायचं तर हक्कदाराची लेखी परवानगी लागते, घरगुती वर्गणीत ती येत नाही.

वीज: प्रोजेक्टर २५०-३०० वॉट, लॅपटॉप ६५, स्पीकर ५०, मिळून साधारण ४०० वॉट. १५० अँपिअर-अवरच्या चांगल्या बॅटरीवर दोन तास निघतात, तिसऱ्याची आशा धरू नका. वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजत असाल तर प्रोजेक्टर आगटीच्या वाऱ्याच्या वरच्या बाजूला ठेवा. धूर झोतात आला की गडद दृश्यांचा राखाडी काला होतो आणि भिंगावर काजळी बसते. थंडीत रात्री दहानंतर दव पडतं, यंत्र उघड्यावर ठेवू नका.

आणि भरीत पार्टीला पोरंसोरं असणारच. ती झोपेपर्यंत 'जॉनी क्वेस्ट' लावा (त्यातही बंदुका आहेत, मोठं माणूस शेजारी बसवा), विडंबन नंतर.

अहिराणीत असं विडंबन स्वतः करायचं असेल तर?

तीन मिनिटांपासून सुरुवात करा.

संहिता ३०० ते ३५० शब्दांची. त्याहून जास्त झाली तर विरामांना जागा राहत नाही आणि या प्रकारात विराम हाच विनोद आहे. आधी मूळ साच्याचे सात-आठ नियम कागदावर उतरवा (अंगरक्षक नेहमी पहिल्या मोटारीत, कुत्रा आधी भुंकतो, खलनायक योजना सांगत बसतो) आणि त्यांतला एकच मोडा, बाकीचे कसोशीने पाळा. इथेच बहुतेकांचं फसतं: सगळे नियम एकदम मोडले की कशाचं विडंबन चाललंय तेच कळत नाही.

आवाज आधी, चित्रं नंतर. माईक तोंडापासून एक वीत, खोलीच्या भिंतींना गोधड्या, पंखा बंद. मे महिन्यात जळगावात हे पहाटे पाचलाच जमतं. ४८ किलोहर्ट्झवर ध्वनिमुद्रण करा, टाळी वाजवून प्रत्येक टेकची सुरुवात दाखवा.

ओठांचे सात आकार पुरतात: मिटलेले (प, ब, म), किंचित उघडे (अ), पूर्ण उघडे (आ), ताणलेले (इ, ए), गोल (उ, ओ), खालचा ओठ दाताखाली (फ, व) आणि जीभ दिसणारा (ल, त, न). मिटलेला आकार चुकला तर लगेच डोळ्यात खुपतो, इतर चुका खपतात. आवाजापेक्षा ओठ एक-दोन चौकटी आधी हलवा, उशिरा हलले की डबिंग वाटतं. सेकंदाला १२ चित्रांचा हिशोब धरा, धावण्याचं चक्र आठ चित्रांचं. क्रिता, ओपनटून्झ, ब्लेंडर ही तिन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. नवख्याला क्रिता सोपं, तुकड्यातुकड्यांची कठपुतळी हलवायची तर ब्लेंडर बरं.

पार्श्वसंगीत मूळ मालिकेचं घेऊ नका. 'जॉनी क्वेस्ट'चा जॅझ हॉइट कर्टिनने बांधला, त्याचा थाट उचला, चाल नाही. पितळी वाद्यांच्या जागी बँडवाल्यांचं क्लॅरिओनेट आणि डफ लावून पाहा.

मूळ पात्रं वापरली तर कायदा काय म्हणतो?

कॉपीराइट कायदा १९५७च्या कलम ५२मध्ये टीका व समीक्षेसाठी वाजवी वापराची सूट आहे. 'विडंबन' हा शब्द त्यात वेगळा लिहिलेला नाही. म्हणून मूळ दृश्यं, मूळ आवाज, मूळ नाव वापरणं जोखमीचं. शिवाय व्हिडिओ चढवल्यावर यंत्रच संगीत ओळखून दावा लावतं. 'व्हेंचर ब्रदर्स'नेही सुरुवातीला जॉनी क्वेस्ट नावानिशी आणला होता, पुढे तोच 'अॅक्शन जॉनी' झाला. तुम्ही पहिल्या दिवसापासून स्वतःचं पात्र काढा.

अहिराणी घ्यावी की लेवा गणबोली?

दोन्ही, पण पात्रं वाटून. यावल-रावेरकडची लेवा गणबोली, बहिणाबाईंच्या कवितेची बोली, शास्त्रज्ञ बापाला द्या. अंगरक्षकाला धुळ्याकडची ठसक्याची अहिराणी. खलनायक दार फोडून आत येतो, पाठीमागे पितळी वाद्यं कडाडतात, आणि अंगरक्षक खाटेवरून न उठता विचारतो, "कसाले ऊना भो?" खलनायकाने मात्र शुद्ध पुस्तकी मराठीत बोलावं. संहिता लिहून झाली की त्या-त्या गावच्या साठीपुढच्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवा. बोलीतली चूक तरुणांच्या कानाला कळत नाही, त्यांना लगेच कळते.